सव्वाचार मिनिटांसाठी दीड वर्ष: टेक्सासमधील खग्रास सूर्यग्रहणाच्या छायाचित्रणाचा अनुभव

८ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलसच्या दक्षिणेला असलेल्या हिल्सबरो गावाजवळच्या एका कुरणात उभे राहून मी खग्रास सूर्यग्रहणाची छायाचित्रे घेतली आणि ती सूर्याच्या प्रभाकिरीटाचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ, तेजस्वी वातावरणाचा, अभ्यास करणाऱ्या एका नागरिक-विज्ञान प्रकल्पाला (सामान्य लोकांच्या मदतीने चालणाऱ्या संशोधनाला) दिली. हे काम हातात घेतले तेव्हा कोणत्या क्रमाने काय करायचे, किती खर्च येईल, कोणते कागद लागतील, हे मराठीत कोठेही एकत्र लिहिलेले मला सापडले नव्हते, म्हणून हा लेख लिहीत आहे. प्रकल्पाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येक ग्रहणाला प्रकल्प आणि त्यांचे नियम बदलतात. कामाची पद्धत मात्र बहुतेक सर्वत्र सारखीच असते.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा भारतातून गेला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. पुण्यात ते ग्रहण खंडग्रास असले तरी सूर्याचा फार मोठा भाग झाकला जाणार होता, आणि आमच्या घराच्या खिडक्यांना त्या दुपारी चादरी लावल्या होत्या. चादरीतून येणारा उजेड हळूहळू राखाडी होत गेलेला मला अजून आठवतो. पुढे २२ जुलै २००९ च्या ग्रहणाला आम्ही काही जण रात्रभर प्रवास करून गुजरातमध्ये गेलो. पहाटे सव्वासहाच्या सुमारास ढगांखाली अंधार झाला, तीन मिनिटांनी पुन्हा उजाडले, आणि सूर्य काही दिसला नाही. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून बाहेरही निघाला नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पुण्यातून मावळतीच्या सूर्याचे खंडग्रास ग्रहण दिसले. गच्चीवर शेजारची मुले होती, सूर्य टेकडीमागे जाईपर्यंत सगळे थांबले होते, आणि खाली उतरताना मी पुढच्या खग्रास ग्रहणाला जायचेच असे ठरवून टाकले. २०२४ चा पट्टा मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरून थेट मेन राज्यापर्यंत जाणार होता, आणि माझा भाचा डॅलसजवळ राहतो. राहण्याचा खर्च नाही, ही एकच गोष्ट माझ्या बाजूने होती.

सर्वांत आधी व्हिसाचे काम सुरू केले आणि ते सर्वांत आधी केले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. जानेवारी २०२३ मध्ये मी पर्यटन व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज भरला आणि १६० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तेरा हजार रुपये, शुल्क भरले. (हे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर झाले.) कोविडनंतर भारतातून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची रांग फार लांबली होती आणि मला मुलाखतीची जी पहिली तारीख मिळाली, ती ग्रहण होऊन गेल्यानंतरची होती. ती तारीख मी घेऊन ठेवली आणि नंतर जवळजवळ रोज सकाळी महाविद्यालयात जाण्यापूर्वी एकदा संकेतस्थळ पाहत राहिले. मे महिन्यात एका सकाळी ऑगस्टची तारीख मोकळी दिसली आणि ती मिळाली. तारीख बदलण्याची संधी मर्यादित वेळाच मिळते, म्हणून किरकोळ फायद्यासाठी ती वापरून टाकू नये.

मुंबईला दोन फेऱ्या झाल्या, एक बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी व दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातील मुलाखतीसाठी. रजेचे पत्र, पगाराच्या पावत्या, घराचे कागद अशी जाड फाइल मी नेली होती. अधिकाऱ्याने जाण्याचे कारण विचारले, मी सूर्यग्रहणाचे छायाचित्रण असे सांगितले, त्यांनी तारीख आणि गाव विचारले, आणि फाइल न उघडताच व्हिसा मंजूर झाल्याचे सांगितले. उत्तर खरे आणि थोडक्यात असावे, एवढेच मी सांगू शकते.

रजेचा प्रश्न वेगळाच होता. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस. अर्जित रजेचा अर्ज मी सहा महिने आधी दिला, परीक्षेचे माझे दिवस एका सहकारी बाईंनी स्वतःकडे घेतले आणि त्याचे त्यांचे लेखी पत्र अर्जाला जोडले. ते पत्र जोडल्यावरच अर्ज पुढे सरकला. परदेश प्रवासासाठी लागणारे ना हरकत प्रमाणपत्रही याच अर्जासोबत मागून घ्यावे, म्हणजे दुसऱ्यांदा तोच फेरा पडत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये प्रकल्पात नाव नोंदवले. त्याच महिन्याच्या २ तारखेला सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ या भारतीय यानाचे उड्डाण झाले होते, आणि विभागातील जवळजवळ प्रत्येकाने मला विचारले की आता आपले स्वतःचे यान कायम सूर्याकडे पाहणार असताना जमिनीवरून ग्रहणाची चित्रे घेण्यात विज्ञान ते काय उरले? प्रश्न योग्य होता. प्रभाकिरीट दीप्तिगोलाच्या, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या तेजस्वी पृष्ठभागाच्या, मानाने सुमारे दहा लाख पटींनी मंद असतो, म्हणून तो पाहण्यासाठी उपकरणात कृत्रिम चकती घालून सूर्य झाकावा लागतो. पण चकतीच्या कडेवरून प्रकाश वळतो, उपकरणात विखुरतो, आणि त्यामुळे चकती सूर्यापेक्षा मोठी ठेवावी लागते. सोहो या सौर यानावरील लॅस्को या किरीट पाहणाऱ्या उपकरणाचा सी-२ कॅमेरा सूर्यकेंद्रापासून सुमारे दोन सौरत्रिज्यांच्या पलीकडचेच पाहतो. आदित्यवरील व्हीईएलसी हे तशाच कामाचे उपकरण असून ते त्याहून खूप आत, १.०५ त्रिज्यांपर्यंत जाण्यासाठी बनवलेले आहे, पण त्याचे दृश्यक्षेत्र तीन त्रिज्यांपर्यंतच आहे. चंद्र ही मात्र वातावरणाच्या पार बाहेर, साडेतीन लाखांहून अधिक किलोमीटरवर ठेवलेली चकती आहे, आणि त्या चार मिनिटांत सूर्याच्या कडेपासून कित्येक त्रिज्यांपर्यंतचा प्रभाकिरीट एकाच चित्रमालिकेत सलग मिळतो. शिवाय एका ठिकाणी चार मिनिटे दिसणारे दृश्य चंद्राची सावली टेक्सासहून मेनपर्यंत जाताना एका तासाहून अधिक काळ कोणाला ना कोणाला दिसत असते. वाटेतल्या सर्वांची चित्रे वेळेनुसार जोडली, तर किरीटात त्या तासात काय हलले ते कळू शकते. सिटिझन केट या अमेरिकेतील नागरिक-विज्ञान प्रकल्पाने २०१७ मध्ये ६८ दुर्बिणी याच हेतूने ओळीने उभ्या केल्या होत्या आणि २०२४ मध्ये ३५ गट प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजणारे कॅमेरे घेऊन बसणार होते. आमचा प्रकल्प साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा होता, पण कल्पना तीच.

याचा व्यवहारातील अर्थ असा की चित्र सुंदर असण्यापेक्षा त्याची वेळ बिनचूक असणे महत्त्वाचे. प्रकल्पाच्या सूचना वाचताना हे मला पहिल्यांदा नीट उमगले. त्यांना हवी होती ती कॅमेऱ्याची रॉ (कोणतीही प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल, जीपीएसशी जुळवलेले घड्याळ, अक्षांश-रेखांश, प्रत्येक एक्स्पोजरच्या जोडीची संवेदकाचा गोंगाट (नको असलेले ठिपके) मोजण्यासाठी झाकण लावून घेतलेली डार्क चित्रे, आणि भिंगावरील धूळ व कडांचा काळोख मोजण्यासाठी घेतलेली फ्लॅट चित्रे. स्वतः उजळवलेले, रंग सुधारलेले चित्र त्यांच्या काहीच उपयोगाचे नव्हते.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा होता. ४०० मिलिमीटरचे एफ/५.६ भिंग वापरलेले विकत घेतले, ५२ हजार रुपयांना. सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) साधारण १०९ व्या हिश्शाएवढी पडते, म्हणजे या भिंगाने कॅमेऱ्याच्या संवेदकावर (सेन्सरवर) पावणेचार मिलिमीटरच्या आतबाहेरचा सूर्य मिळतो आणि भोवती किरीटासाठी भरपूर जागा राहते. याहून लांब भिंगाचा मोह टाळावा. आकाश मात्र सेकंदाला १५ विकला (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला) सरकते, आणि माझ्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे दोन विकला, म्हणून स्थिर ट्रायपॉडवर दोन सेकंदांचे चित्र घेतले तर ते पंधरा पिक्सेल पुसले जाईल. यासाठी आकाशाबरोबर फिरणारा लहान ट्रॅकर घ्यावा लागला, तो सुमारे ४६ हजारांचा. सौर फिल्टरची फिल्म साडेतीन हजारांना मिळाली आणि तिची टोपी मी जाड पुठ्ठ्याची घरी बनवली. त्या टोपीविषयी पुढे लिहिते.

प्रकल्पाचे प्रशिक्षण इंटरनेटवर तीन सत्रांत झाले. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे साडेसहाला चहाचा कप घेऊन बसावे लागे. तिसऱ्या सत्रानंतर प्रत्येकाने पौर्णिमेच्या चंद्राची पूर्ण चित्रमालिका पाठवायची होती, कारण आतल्या किरीटाची उजळी साधारण पूर्णचंद्राएवढी असते. मी २८ ऑक्टोबरची रात्र निवडली. त्या रात्री कोजागरी होती आणि उत्तररात्री एक वाजून पाच मिनिटांनी चंद्राला खंडग्रास ग्रहणही लागणार होते. सोसायटीच्या गच्चीवर एका बाजूला मसाला दूध आणि दुसऱ्या बाजूला माझी तारांची गुंतागुंत, अशी ती रात्र गेली. आठवड्याने उत्तर आले: चित्रे स्पष्ट आहेत, पण कॅमेऱ्याचे घड्याळ सात सेकंद पुढे आहे आणि फ्लॅट चित्रे घेतलेलीच नाहीत. दोन्ही चुका माझ्या होत्या. त्यानंतर मी प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरील जीपीएस घड्याळाच्या पडद्याचेच एक चित्र घेऊ लागले, म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ किती चुकते हे त्या मालिकेतच नोंदले जाते. ही युक्ती मी प्रत्येकाला सांगेन.

नोव्हेंबर ते मार्च या काळात गच्चीवर एकूण तेवीस सराव केले. एफ/८, आयएसओ २००, आणि १/२००० सेकंदापासून १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ असे वाढत दोन सेकंदांपर्यंत सात एक्स्पोजर, अशी एक फेरी. १/२००० मध्ये सूर्याच्या कडेवरील गुलाबी ज्वाला नीट येतात, मधल्या चित्रांत आतला किरीट, आणि दोन सेकंदांत त्याचे दूरवर गेलेले धागे. एका फेरीला दहा-अकरा सेकंद लागत. फेऱ्या लॅपटॉप चालवणार होता, पण फिल्टर काढणे, लावणे आणि नाभीयन (फोकस) हाताने करायचे होते. दहाव्या-बाराव्या सरावापर्यंत मी प्रत्येक वेळी काहीतरी विसरले. पुढे हात आपोआप चालू लागले.

पुण्यातील सरावाची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर असतो तो त्या जागेचा अक्षांश. पुण्यात तो साडेअठरा अंशांवर, समोरच्या इमारतीमागे. हिल्सबरोला तो ३२ अंशांवर असणार होता. तोल बदलतो, भिंग ट्रायपॉडच्या पायाला कोठे अडते ते बदलते. म्हणून शेवटचे सहा सराव मी अक्ष ३२ अंशांवर ठेवून केले. त्यात आकाशाचा माग धरता येत नाही, पण हातांना जागा कळतात.

याच काळात एका रविवारी मी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊन आले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी तेथे तळ ठोकला होता, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तेथेच आली होती. त्याच दिवशी हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर होते. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा दिसल्याची कथा १८६८ च्या ग्रहणाची आहे आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावरील ‘साहेबाच्या कट्ट्या’शी ती कथा जोडली जाते तेव्हा हा तीस वर्षांचा फरक सुटून जातो. जेऊरच्या स्टेशनावर उभी असताना मला वाटले की काचेच्या प्लेटा, लाकडी पेट्या आणि बैलगाडी घेऊन येणाऱ्या त्या माणसांची काळजी आणि माझी काळजी यांत फारसा फरक नसावा: प्लेट हलू नये, वेळ चुकू नये, ढग येऊ नये.

२ एप्रिलला मुंबईहून निघाले. तिकीट एक लाख अडतीस हजारांचे होते. महागडी उपकरणे सोबत नेताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ती वस्तू बाहेरून आणली असे समजून शुल्क आकारले जात नाही. यासाठी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून ती बॅग विमान कंपनीकडे देण्याआधीच हे काम करावे. मी नेहमीपेक्षा दीड तास आधी पोहोचले आणि तो सगळा वेळ लागला. लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. ट्रॅकरचे लोखंडी वजन मोठ्या बॅगेत. कॅमेरा, भिंग आणि फिल्टर मी डोळ्यांआड होऊ दिले नाहीत.

डॅलसला पोहोचल्यापासून प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय होता, ढग. टेक्सासमध्ये एप्रिलमध्ये आकाश मोकळे असण्याची शक्यता उत्तरेकडील राज्यांपेक्षा बरी, असे सर्व जुने आकडे सांगत होते, आणि त्या आठवड्याचा अंदाज नेमका उलटा निघाला: व्हरमाँट व मेन निरभ्र, टेक्सास ढगाळ. अनेक काउंटींनी गर्दीच्या भीतीने आपत्कालीन घोषणा केल्या होत्या, शाळांना सुट्ट्या होत्या, आणि पेट्रोल व पाणी आधी भरून ठेवा असे सगळीकडे सांगितले जात होते. भाच्याने पुन्हा पुन्हा विचारले, "मावशी, आर्कान्सॉला जायचं का? मी रात्रभर गाडी चालवतो." मी दोन दिवस त्यावर झोप घालवली. शेवटी ठरलेल्या जागीच राहायचे ठरवले, कारण जागेचे अक्षांश-रेखांश आणि त्यावरून काढलेल्या वेळा लॅपटॉपमध्ये भरलेल्या होत्या, कुरणाच्या मालकांची लेखी परवानगी होती, आणि अनोळखी जागी पहाटे पोहोचून मांडणी करणे मला जमले नसते. सराव केलेली जागा की मोकळे आकाश, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवावे; शेवटच्या रात्री ते नीट ठरत नाही.

७ एप्रिलची रात्र पूर्ण ढगाळ गेली आणि ध्रुवतारा दिसलाच नाही. ८ तारखेला पहाटे साडेचारला निघून सहाच्या आधी कुरणात पोहोचलो. आता ट्रॅकरचा अक्ष होकायंत्र आणि कोनमापकाने लावायचा होता. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेऐवजी चुंबकीय उत्तर दाखवते. पुण्यात हा फरक एका अंशापेक्षाही कमी आहे, तर टेक्सासच्या त्या भागात तो अडीच-तीन अंश आहे, आणि तो हिशेबात धरावा लागतो. सुरुवातीला माझे हात थरथरत होते, पण मग मी वहीतील जुने गणित पुन्हा वाचले: अक्ष पूर्ण एक अंशाने चुकला तरी दोन सेकंदांच्या चित्रात सूर्य जास्तीत जास्त पाव पिक्सेल सरकेल आणि चार मिनिटांत तीस-पस्तीस पिक्सेल. एवढे चालण्यासारखे होते. हे गणित घरी करून ठेवले नसते तर त्या सकाळी मला शांत बसता आले नसते.

दहा वाजेपर्यंत आकाश राखाडी होते. अकराच्या सुमारास खालचे ढग फाटू लागले आणि वर पातळ, पिसांसारखे ढग उरले. दुपारी साडेबाराच्या आधी स्पर्श झाला. पंचांगात ग्रहणाच्या चार क्षणांना स्पर्श (ग्रहणाची सुरुवात), संमीलन (सूर्य पूर्ण झाकला जाणे), उन्मीलन (तो पुन्हा दिसू लागणे) आणि मोक्ष (ग्रहणाचा शेवट) ही नावे आहेत आणि मला ती इंग्रजीतल्या क्रमांकांपेक्षा जवळची वाटतात, म्हणून माझ्या वेळापत्रकावरही तीच लिहिली होती. सूर्यावरील डागांवर नाभीयन करून भिंगाचे कडे चिकटपट्टीने पक्के केले. सूर्य ६५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर होता; कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहायला गवतात बसावे लागे. गुडघ्यांखाली घ्यायला जाड चटई न्यावी.

एक वाजल्यानंतर उजेड बदलला. तो मावळतीसारखा तांबूस होत नाही. ऊन तसेच पांढरे राहते आणि फक्त त्यातला जोर जातो, सावल्यांच्या कडा धारदार होतात. भाचेसून दर पाच मिनिटांनी तापमान लिहीत होती. हवा गार झाली की भिंगाचे नाभीयन किंचित बदलते, म्हणून संमीलनाच्या दहा मिनिटे आधी मी पट्टी सोडून ते पुन्हा तपासले, आणि खरोखरच ते सुटले होते.

भाचा मोठ्याने वेळ वाचत होता. "मावशी, एक मिनिट." वीस सेकंद उरले असताना फिल्टर काढायचा होता. उन्हात पुठ्ठ्याची टोपी भिंगावर आवळून बसली होती. ती ओढताना भिंगाला धक्का बसला आणि पडद्यावर सूर्याची कोर मध्यावरून साधारण अर्ध्या अंशाने वर सरकली. तेवीस सरावांत मी अनेकदा अशा वेळी भिंग हलवून सूर्य मध्यावर आणायचा प्रयत्न केला होता आणि प्रत्येक वेळी पहिल्या दोन फेऱ्या गमावल्या होत्या, म्हणून या वेळी हात मागे घेतला. "फिल्टर?" भाच्याने विचारले. "काढला." लॅपटॉपने काम सुरू केल्याचा कॅमेऱ्याचा टकटक आवाज येऊ लागला, आणि मी वर पाहिले.

एक वाजून अडतीस मिनिटांच्या सुमारास कोरीचा शेवटचा धागा तुटून मणी झाले, मग एकच ठिणगी उरली, हिऱ्याच्या अंगठीसारखी, मग तीही गेली, आणि आकाशात काळ्या वर्तुळाभोवती प्रभाकिरीट उभा राहिला. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. सूर्य चक्रातील सर्वाधिक सक्रियतेच्या जवळ असल्याने किरीट सर्व बाजूंना पसरलेला होता, शेवंतीच्या पाकळ्यांसारखा. खालच्या कडेला एक गुलाबी ज्वाला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. तिच्या रंगाला माझ्याकडे आजही शब्द नाही. उजवीकडे खाली शुक्र, डावीकडे वर गुरू. क्षितिजावर चारही दिशांना तांबूस पट्टा होता आणि झाडावरचे पक्षी गप्प झाले होते. मी पाच सेकंद पडद्याकडे आणि बाकी सगळा वेळ आकाशाकडे पाहायचे असे ठरवले होते, आणि ते पाळले. गवतात बसून मी रडत होते हे मला भाचेसुनेने रुमाल दिला तेव्हा कळले.

उन्मीलनाला दुसरी हिऱ्याची अंगठी झळकली, भाचा "फिल्टर!" म्हणून ओरडला आणि मी टोपी लावली. लोक टाळ्या वाजवत होते, शेजारच्या गाड्या लगेच निघूही लागल्या होत्या. आमचे निम्मे काम अजून बाकी होते. भिंग न काढता, कड्याला हात न लावता झाकण घालून प्रत्येक एक्स्पोजरची वीस-वीस डार्क चित्रे घेतली, कारण संवेदकाचे तापमान जसे होते तसेच असताना ती घ्यावी लागतात. मग भिंगावर ताणलेल्या पांढऱ्या कापडातून आकाशाची फ्लॅट चित्रे, आणि शेवटी जीपीएस घड्याळाचे चित्र. तीन वाजता मोक्ष झाला तेव्हा कुरणात आम्ही तिघेच होतो. डॅलसला परतायला नेहमी सव्वा तास लागतो, त्या दिवशी चार तास लागले.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. भाच्याच्या घरामागच्या अंगणात गुढी उभारली, आणि दुपारी मी फाइली तपासायला बसले. खग्रास अवस्थेतील १६१ चित्रे, डार्क आणि फ्लॅट धरून साडेपाचशेच्या वर, सगळी मिळून सुमारे १७ गिगाबाइट. प्रतिमा वर सरकल्याने वरच्या बाजूचा किरीट सूर्यकेंद्रापासून जेमतेम अडीच त्रिज्यांपर्यंतच आला होता. दोन सेकंदांच्या सर्व चित्रांत पातळ ढगांचा धूसर उजेड होता, त्यामुळे बाहेरचे बारीक धागे त्यात बुडाले होते. १/५०० ते १/३० मधली चित्रे मात्र स्वच्छ होती आणि घड्याळाची चूक अर्ध्या सेकंदाच्या आत होती. प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये शेरा लिहायची जागा असते; तेथे धक्का, ढग आणि नाभीयन दुरुस्त केल्याची वेळ हे सगळे जसे घडले तसे लिहिले. खराब चित्रे वगळू नयेत, कारण काय वापरायचे ते विश्लेषण करणारे ठरवतात. अपलोड व्हायला एक पूर्ण रात्र लागली. तोपर्यंत मी तीन प्रती तीन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या होत्या.

१६ एप्रिलला मुंबईत उतरले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रावरील क्रमांक भिंगावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, दोन मिनिटांत जाऊ दिले. प्रवास, उपकरणे, व्हिसा, विमा आणि तिकडचे किरकोळ धरून एकूण खर्च दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात गेला. त्यातला एक लाखाहून अधिक भाग उपकरणांचा आहे आणि ती पुढेही वापरता येतील. जूनमध्ये प्रकल्पाकडून पत्र आले की माझी मालिका वापरण्याजोगी ठरली आहे, दोन सेकंदांची चित्रे वगळून.

२ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधील लुक्सोरजवळ सहा मिनिटे तेवीस सेकंदांचे खग्रास ग्रहण आहे. तेथे सूर्य ८२ अंशांवर असेल, म्हणजे भिंग जवळजवळ सरळ वर रोखावे लागेल आणि माझा ट्रॅकर त्या कोनात ट्रायपॉडच्या पायाला अडतो, हे मी गच्चीवर करून पाहिले आहे. लुक्सोरची ऑगस्टमधली दुपार चाळीस अंशांच्या वरची असते. तापलेल्या संवेदकात गोंगाट वाढतो आणि डार्क चित्रांची संख्या वाढवावी लागते. फिल्टरची नवी टोपी बिजागरीची करते आहे, ओढावी न लागणारी. पुढच्या मे महिन्यात पुण्याच्या उन्हात तिचा पहिला सराव करायचा आहे.